पुरुषाला न लावला जाणारा शब्द

गेल्या आगमनकाळातील गोष्ट. डिसेंबरच्या १९ तारखेच्या मिस्सामध्ये शास्ते ग्रंथातील मानोहा व त्याची पत्नी यांची आणि लूकच्या शुभवर्तमानातील जखऱ्या व अलीशिबा यांची कथा वाचली जाते. दोन्ही घरे अपत्याविना होती आणि दोन्ही घरांवर परमेश्वराची कृपा झाली. त्या सकाळी प्रवचनाच्या ओघात मी एवढेच म्हणालो, की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या शरीरातील दोषाचाही वाटा असतो. म्हणून ज्या घरी पाळणा हललेला नाही, तेथील पतीने पत्नीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाठवण्यापूर्वी स्वतःची तपासणी करून घ्यावी. दीड मिनिटाचाही मजकूर नव्हता. पण त्याच सायंकाळी धर्मग्रामातील तीन ज्येष्ठ सद्गृहस्थ माझ्याकडे आले.

तिघेही भली माणसे आहेत. चर्चच्या छपराचे काम निघाले तेव्हा उन्हात उभे राहून ते त्यांनीच पार पाडले, हे मी विसरू शकत नाही. त्यांचे म्हणणे त्यांनी अदबीने मांडले. "फादर, वेदीवरून असले विषय नकोत. बायका-मुले ऐकत असतात," असे एकजण म्हणाले. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की मूल देणे न देणे देवाच्या हाती आहे, तेथे डॉक्टरांना मध्ये कशाला आणायचे? तिसरे बराच वेळ गप्प होते. निघताना दाराशी थांबून ते हळूच म्हणाले, "फादर, बाईला नाव ठेवले तर घर राहते. पुरुषाला नाव ठेवले तर घर बुडते."

मी त्यांना चहा दिला, उत्तर दिले नाही. पण त्या तिसऱ्या वाक्याने माझी झोप उडवली. कारण ते वाक्य एकट्या त्यांचे नव्हते. आपल्या अवघ्या समाजाचे ते अलिखित घटनापत्र आहे. राहिलेले उत्तर आज या पानांतून देत आहे.

प्रथम आपली भाषाच तपासू. 'वांझ' हा शब्द आपण बाईला लावतो, गाईला लावतो, झाडाला लावतो. निष्फळ चर्चेलाही आपण वांझोटी म्हणतो. पण एखाद्या पुरुषाला कोणी वांझ म्हटल्याचे माझ्या पन्नासहून अधिक वर्षांच्या आयुष्यात मी ऐकलेले नाही. पुरुषासाठी आपल्याकडे 'निपुत्रिक' हा शब्द आहे. तो किती सभ्य, किती करुण! निपुत्रिक माणसाची आपण कीव करतो आणि वांझ बाईला बारशाच्या घरातून बाजूला सारतो. दुःख एकच, पण भाषेने एकाला सांत्वन दिले आणि दुसरीला शिवी दिली.

पवित्र शास्त्राची मूळ भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा न्यायी होती, हे किती जणांना ठाऊक आहे? अनुवाद ग्रंथाच्या सातव्या अध्यायात, चौदाव्या वचनात, परमेश्वर आपल्या प्रजेला आशीर्वाद देताना अपत्यहीनतेचा उल्लेख करतो. तेथे मूळ हिब्रूमध्ये एकाच धातूपासून झालेले दोन शब्द शेजारी शेजारी उभे आहेत, एक पुल्लिंगी आणि एक स्त्रीलिंगी. पुरुषही वांझ असू शकतो, हे अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शास्त्रलेखकाने संकोच न करता लिहून ठेवले. सेमिनरीत हिब्रू शिकवणाऱ्या गुरुजींनी हे वचन आम्हांला व्याकरणाचा नमुना म्हणून दाखवले होते. त्यात व्याकरणापेक्षा अधिक काही आहे, हे उमगायला मला धर्मगुरू म्हणून बरीच वर्षे घालवावी लागली.

ती वर्षे कशी गेली, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्यांवर बोट ठेवण्यापूर्वी स्वतःचा हिशेब देणे धर्मगुरूला सुटत नाही.

पूर्वीच्या एका धर्मग्रामात एक भगिनी दर बुधवारी नोव्हेनाला येत असे. (पुढील हकिकत पापनिवेदनातली नाही. ती तिने व तिच्या पतीने मला घरी बोलावून सांगितली आणि नावगाव न सांगता लिहिण्याची परवानगी दिली.) लग्नाला सात वर्षे झाली होती. मी तिला काय दिले? प्रार्थनेची पुस्तिका दिली, तीर्थयात्रेचा सल्ला दिला आणि धीर धरण्याचा उपदेश केला. सप्टेंबरमध्ये ती वांद्र्याच्या मोत माउलीला गेली. तेथे टेकडीखालच्या दुकानांत मेणाची छोटी बाळे मिळतात. तशी बाळे तिने तीन वर्षे ओळीने अर्पण केली. पती तिच्या मागे मेणबत्ती धरून चालत असे. या सात वर्षांत तिच्या गर्भनलिकांत औषध सोडून क्ष-किरणांनी छायाचित्रे काढली गेली, दोनदा पोटाला छिद्रे पाडून दुर्बिणीने तपासणी झाली, महिनोन् महिने गोळ्या आणि इंजेक्शने झाली. प्रत्येक वेळी डॉक्टरांनी सारे ठीक असल्याचे सांगितले. तरी घरात कोणी विचारले नाही, की मग दुसऱ्याची तपासणी का होत नाही? डॉक्टरांनी एकदा सुचवले होते. सासूबाईंनी विषय तोडला. मीही विचारले नाही. आठव्या वर्षी पतीने भावाच्या आग्रहाखातर तपासणी करून घेतली. त्याच्या वीर्यात एकही शुक्रजंतू नव्हता.

शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात हन्ना मंदिरात मूकपणे प्रार्थना करते आणि एली नावाचा याजक तिच्या हलणाऱ्या ओठांवरून ती मद्य प्यालेली असल्याचा निष्कर्ष काढतो. दुःखी स्त्री समोर उभी असताना याजकाने निदान चुकवल्याची ही कथा मी किती वेळा प्रवचनात सांगितली असेल! आपणच एलीच्या जागी बसलो आहोत, हे मला कळले नाही. एलीने निदान आपली चूक लगेच सुधारली. मला आठ वर्षे लागली, आणि ती आठ वर्षे माझ्या शरीरातून गेली नाहीत, तिच्या शरीरातून गेली.

आता विज्ञान काय सांगते ते पाहू. वर्षभर नियमित सहजीवन असूनही गर्भधारणा झाली नाही, तर त्या स्थितीला वंध्यत्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे साडेसतरा टक्के लोकांना, म्हणजे साधारणपणे सहांतील एकाला, आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. म्हणजे आपल्या चर्चमधील प्रत्येक बाकावर हे दुःख बसलेले असण्याचा संभव आहे. अशा जोडप्यांपैकी वीस ते तीस टक्क्यांत दोष केवळ पुरुषाकडे असतो. दोघांकडे काही ना काही कारण असलेली जोडपी त्यांत मिळवली, तर पुरुषाचा वाटा निम्म्याच्या आसपास जातो.

'नियमित सहजीवन' हे दोन शब्दही आपल्या समाजाने नीट वाचावेत. आपली कितीतरी मुले जहाजावर आणि आखातात नोकरी करतात. ती वर्षातून दीड-दोन महिने घरी येतात. अशा घरात दोन वर्षांनी सुनेला विचारले जाते, "अजून काही नाही?" या दोन वर्षांत पती घरी होता किती दिवस, हा साधा बेरजेचा प्रश्न कोणी विचारीत नाही.

पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. वृषणे शरीराबाहेर असतात याचे कारण त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान हवे असते. या व्यवस्थेत बिघाड होण्याची कारणे अनेक आहेत. सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे वृषणाभोवतीच्या नीला फुगणे. पायावर जशा निळ्या शिरा फुगतात तसाच हा प्रकार. एकंदर पुरुषांपैकी सुमारे पंधरा टक्क्यांत तो आढळतो. मात्र मूल न होणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण पस्तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. यावर शस्त्रक्रिया आहे आणि योग्य रुग्णांत तिचा उपयोग होतो. काहींच्या शुक्रवाहिनीत जंतुसंसर्गाने वा जुन्या शस्त्रक्रियेने अडथळा येतो. तोही कधी कधी दूर करता येतो. काहींच्या मेंदूतील ग्रंथींतून योग्य संप्रेरके येत नाहीत. त्यांना ती बाहेरून देता येतात. वयात आल्यानंतर झालेले गालगुंड वृषणांवर उतरले तर कायमची हानी होऊ शकते. जन्मतः वृषण खाली न उतरलेल्या बाळावर सहा ते अठरा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. "मोठा झाला की उतरेल" म्हणून थांबणारी आजी नातवाचे भविष्य पणाला लावत असते. आणि काही दोष गुणसूत्रांतील असतात. त्यांवर आज इलाज नाही, आणि त्यांत कोणाचा अपराधही नाही.

अपराध नसलेल्या कारणांच्या जोडीला आपण स्वतः ओढवून घेतलेली कारणेही आहेत. तंबाखू, गुटखा, सिगारेट आणि अतिरिक्त मद्यपान शुक्रजंतूंची संख्या व चपळता घटवतात. व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी जी संप्रेरकांची इंजेक्शने घेतली जातात, त्यांचा प्रकार तर विपरीतच आहे. बाहेरून पुरुषी संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे उत्पादन थांबवते आणि शुक्रजंतू जवळजवळ नाहीसे होतात. पुरुषत्वाचे प्रदर्शन करायला निघालेला तरुण पितृत्वाची वाट स्वतःच बंद करतो.

आपण वाडीत राबणारी माणसे आहोत, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. १९७७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एका कीटकनाशकाच्या कारखान्यातील कामगारांच्या लक्षात आले, की आपल्यापैकी कोणालाच अलीकडे मूल झालेले नाही. तपासणी झाली, तेव्हा अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू अत्यल्प होते किंवा मुळीच नव्हते. जमिनीतील सूत्रकृमी मारण्यासाठी वापरले जाणारे डायब्रोमोक्लोरोप्रोपेन हे रसायन त्याला कारण होते. हेच रसायन मध्य अमेरिकेत केळीच्या मळ्यांत वापरले गेले आणि कोस्टारिकातील हजारो मजुरांचे पितृत्व हिरावले गेले. त्या मजुरांच्या बायकांनाही शेजाऱ्यांनी प्रथम काय म्हटले असेल, ते सांगायला नको. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फडके न बांधता फवारणी करणाऱ्या आपल्या बांधवांनी ही कथा लक्षात ठेवावी.

वाडीचाच विषय निघाला म्हणून विचारतो. भात रुजले नाही, तर आपण एकट्या जमिनीला दोष देतो का? पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. बी पोचट निघू शकते, हे शेतात कळणाऱ्या माणसाला घरात का कळत नाही? पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे क्षेत्र, ही जुनी कल्पना शास्त्रीयदृष्ट्या केव्हाच मोडीत निघाली आहे, कारण बीज दोघांचेही असते. पण ती कल्पना मानायचीच असेल, तर निदान पुरी तरी मानावी!

मनातला समज पुराव्यालाही कसा दाद देत नाही, याचे उदाहरण आमच्याच वर्गातले आहे. लाझारो स्पाल्लान्झानी (१७२९ ते १७९९) हे इटलीतील धर्मगुरू आणि थोर शास्त्रज्ञ होते. नर बेडकांना रेशमी कापडाच्या छोट्या चड्ड्या घालून त्यांनी सिद्ध केले, की नराचे वीर्य अंड्यापर्यंत पोचले नाही तर फलन होत नाही. वीर्य गाळून घेतले तर गाळलेल्या पाण्यात फलनाची शक्ती उरत नाही, हेही त्यांना दिसले. लेव्हेनहुक यांनी १६७७ सालीच सूक्ष्मदर्शकातून शुक्रजंतू पाहिले होते. म्हणजे गाळणीवर काय राहिले, हे उघड होते. तरीही शुक्रजंतू हे वीर्यातील परोपजीवी किडे आहेत, हा आपला ग्रह स्पाल्लान्झानींनी सोडला नाही. एवढ्या मोठ्या बुद्धीचा धर्मगुरू पुरावा हाती असताना चुकू शकतो, तर आपले तीन सद्गृहस्थ आणि प्रस्तुत लेखक यांनी फार अभिमान बाळगू नये.

आता 'पुरुषाला नाव ठेवले तर घर बुडते' या वाक्याकडे वळतो. या भीतीच्या मुळाशी एक घोर गैरसमज आहे. मूल न होणे म्हणजे नामर्द असणे, असे आपण धरून चालतो. समागमाची असमर्थता आणि वंध्यत्व या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. ज्याच्या वीर्यात एकही शुक्रजंतू नाही असा पुरुष धडधाकट असू शकतो, प्रेमळ पती असू शकतो आणि सहजीवनात त्याला कसलीही अडचण येत नाही. त्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून वा दंडावरून काहीही ओळखता येत नाही. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ज्यांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्या 'गुप्तरोग' वैद्यांचा धंदा नेमका याच गैरसमजावर चालतो. आमचा तरुण प्रयोगशाळेत जायला लाजतो आणि त्या जिन्याने अंधारात वर चढतो. तेथे त्याला 'ताकदीची' पुडी मिळते, पावती मिळत नाही.

ख्रिस्तसभेला हा भेद चांगला ठाऊक आहे. १९८३ च्या धर्मविधी संहितेतील १०८४ वे कलम काढून पाहावे. विवाहापूर्वीपासून असलेली आणि कायमची असमर्थता विवाह रद्दबातल ठरवते. परंतु वंध्यत्व विवाहाला ना मनाई करते, ना तो अवैध ठरवते. एवढी स्पष्टता यायलाही आम्हांला काळ लागला, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. १५८७ साली पोप पाचवे सिक्स्टस यांनी स्पेनमधील आपल्या प्रतिनिधीला धाडलेल्या पत्रामुळे अंडहीन पुरुषांच्या विवाहाचा प्रश्न शतकानुशतके वादात राहिला. अखेर १९७७ साली श्रद्धासिद्धान्त मंडळाने निर्णय दिला, की विवाहाच्या वैधतेसाठी वृषणांत निर्माण झालेले वीर्य असण्याची अट नाही. पुरुषाचे पुरुषत्व त्याच्या शुक्रजंतूंच्या संख्येवर अवलंबून नाही, असे खुद्द रोमने म्हटल्यावर आपल्या आळीने वेगळे न्यायालय का भरवावे?

याच संहितेच्या १०९८ व्या कलमाकडे मात्र विवाहेच्छू तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनी लक्ष द्यावे. आपल्याला मूल होऊ शकत नाही हे ठाऊक असून जो ते लपवतो, संमती मिळवण्यासाठी वधूला फसवतो, त्याचा विवाहच अवैध ठरू शकतो. वंध्यत्व हा दोष नव्हे. लपवाछपवी हा दोष आहे. माझ्याकडे आजवर सुनेला मूल होत नाही म्हणून 'लग्न मोडता येईल का' असे विचारायला चार कुटुंबे आली. चारही मुलांकडची होती. चौघांनाही मी एकच प्रश्न केला, "मुलाची तपासणी झाली का?" एकाचेही उत्तर होकारार्थी नव्हते.

देवाच्या इच्छेचा मुद्दा आता घेतो. ज्यांनी तो मांडला त्यांच्या डोळ्यांतील मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी काढला गेला. तो त्यांनी देवाची इच्छा म्हणून ठेवला नाही, आणि ते योग्यच झाले. वैद्यकशास्त्र ही देवाने माणसाच्या हाती दिलेली देणगी आहे, असे आपण मधुमेहाच्या बाबतीत मानतो, हृदयविकाराच्या बाबतीत मानतो. पुरुषाच्या कमरेखाली आल्यावरच देवाची इच्छा कशी आठवते? आणि तीही सुनेच्या सात वर्षांच्या तपासण्या चालू असताना का आठवत नाही?

काही सुशिक्षित बांधव यापेक्षा चतुर सबब सांगतात, की धर्मसभेला ही तपासणीच मान्य नाही. यात तथ्याचा अंश आहे, म्हणून नीट उत्तर देतो. प्रयोगशाळांत नमुना मिळवण्याची जी पद्धत सर्रास सांगितली जाते, ती नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह नाही, असे पोप बारावे पायस यांनी १९५६ साली डॉक्टरांच्या परिषदेपुढे स्पष्ट केले. तथापि ती एकमेव पद्धत नव्हे. पती-पत्नीच्या समागमाच्या वेळीच, बारीक छिद्र ठेवलेल्या आणि शुक्रजंतूंना मारक नसलेल्या खास पिशवीतून नमुना घेता येतो. कॅथलिक नीतिशास्त्रज्ञांनी हा मार्ग सांगितलेला आहे. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर असा नमुना घ्यावा आणि अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात प्रयोगशाळेत पोचवावा, एवढेच त्याचे तंत्र. पहिला निष्कर्ष प्रतिकूल आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी, कारण एका तापानेही आकडे खाली येतात. यात सुरी नाही, भूल नाही, वेदना नाही. पत्नीच्या वाट्याला येणाऱ्या तपासण्यांच्या तुलनेत हा खर्चही किरकोळ आहे. मग तपासणीची सुरुवात तिच्यापासून का व्हावी?

परीक्षानळीतील गर्भधारणेला ख्रिस्तसभेचा विरोध आहे. १९८७ सालच्या 'दोनुम व्हिते' या दस्तऐवजात आणि २००८ सालच्या 'दिग्नितास पेर्सोने'मध्ये त्याची कारणे दिली आहेत. मी ती मानतो आणि शिकवतो. मूल हे दान आहे, हक्काची वस्तू नव्हे, हे त्याचे सार. पण त्याच शिकवणुकीने पती-पत्नीच्या मीलनाला साहाय्य करणारे, वंध्यत्वाची कारणे दूर करणारे उपचार स्वागतार्ह ठरवले आहेत, हे आम्ही वेदीवरून किती वेळा सांगितले? एक दार बंद आहे असे सांगणाऱ्याने उघडी असलेली दारे दाखवलीच पाहिजेत. अन्यथा काय होते, ते मी पाहिले आहे. पतीचा दोष झाकण्यासाठी परक्या पुरुषाचे बीज वापरले जाते, आणि पत्नीला जन्मभर मौनाची शपथ घातली जाते. २०२१ सालच्या कायद्याने अशा उपचारांसाठी संबंधितांची लेखी संमती आवश्यक केली आहे. पण सासरच्या दिवाणखान्यात घेतलेली संमती कितपत मोकळी असते, हे कायद्याला कसे कळावे?

वेदीवरून असले विषय नकोत, हे पहिले म्हणणे राहिले. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. संततिनियमनाबाबत त्यांचे आणि आमचे मत जुळणे शक्य नाही. पण शरीराविषयी स्वच्छ मराठीत बोलता येते, हा त्यांचा धडा आपण नाकारण्याचे कारण नाही. पवित्र शास्त्र तर गर्भ, वीर्य, रक्तस्राव, सुंता यांविषयी कोठेही लाजत नाही. वेदीवरून जे बोलायचे नाही, ते मग ओट्यावर कुजबुजीने बोलले जाते, आणि कुजबुजीत नेहमी बाईच दोषी ठरते. जखऱ्याची वाचा देवदूताने बंद केली होती, आणि मूल जन्मल्यावर ती परत आली. आपल्या पुरुषांची वाचा कोणी बंद केली आहे?

आता ज्यांच्यावर इलाज नाही, त्या बांधवांसाठी दोन शब्द. माझा हा लेख तुमच्याविरुद्ध नाही. तपासणीचा कागद हाती आल्यावर पुरुषावर काय ओढवते, हे मी त्या घरात पाहिले. तो पती तीन महिने मिस्साला आला नाही. आपण पत्नीची आठ वर्षे वाया घालवली, या जाणिवेने तो खचला होता. त्याला सावरले त्याच्या पत्नीने. तिने एकदाही टोमणा मारला नाही. यशयाच्या ५६ व्या अध्यायात परमेश्वर अपत्य होऊ न शकणाऱ्या पुरुषांना आपल्या मंदिरात जागा देतो, आणि पुत्रकन्यांपेक्षाही श्रेष्ठ असे नाव देण्याचे वचन देतो. त्या दोघांसमोर बसून मी तो अध्याय वाचला. त्या दिवशी माझ्याजवळ दुसरे काही नव्हते.

पुढे त्यांनी एक मुलगी दत्तक घेतली. पूर्वी आपल्या देशात ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळत असे. २००० सालच्या बाल न्याय कायद्याने आणि नंतरच्या २०१५ च्या कायद्याने कोणत्याही धर्माच्या जोडप्याला पूर्ण अर्थाने दत्तक घेण्याचा मार्ग खुला झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्याला दुजोराही दिला. तरी आपल्याकडे 'रक्ताचे नाही' हे पालुपद संपत नाही. ज्या समाजाने संत योसेफाच्या नावाने इतकी चर्च, शाळा आणि क्लब उभारले, त्याने असे म्हणावे? योसेफाच्या घरातील बाळ त्याच्या रक्ताचे नव्हते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी योसेफाविषयी लिहिलेल्या पत्रात हेच सांगितले, की केवळ जन्म देण्याने कोणी पिता होत नाही, जबाबदारी स्वीकारल्याने होतो.

यापुढे माझ्या धर्मग्रामात काय होईल, तेही सांगून ठेवतो. विवाहपूर्व शिबिरात एक तास डॉक्टर या विषयावर बोलतील, आणि तेथे वर-वधू दोघेही बसतील. अपत्यासाठी मिस्सा वा नोव्हेनाची विनंती घेऊन पत्नी आली, तर मी आनंदाने प्रार्थना करीन, आणि पुढच्या वेळी पतीला बरोबर आणायला सांगेन. बारशाला, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या सोहळ्याला अपत्य नसलेल्या भगिनीला कोणी बाजूला सारलेले मला कळले, तर मी त्या घरी जेवायला बसणार नाही.

तिसऱ्या सद्गृहस्थांना मात्र वेगळे सांगायचे आहे. बाईला नाव ठेवल्याने घर राहते, असे आपण म्हणालात. ते घर नव्हे. चार भिंती राहतात. आत एक माणूस दुसऱ्याचा क्रूस वाहत असतो, आणि बाकीचे शिमोन कुरेनेकर होण्याऐवजी बघ्यांत उभे असतात. आपल्या धाकट्या चिरंजिवांच्या लग्नाला या मे महिन्यात पाच वर्षे होतील. सूनबाईंची दुसरी शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे, असे आपणच त्या दिवशी बोलता बोलता म्हणालात. त्या तारखेपूर्वी चिरंजिवांना माझ्याकडे पाठवा. प्रयोगशाळेत मी स्वतः त्यांच्याबरोबर येईन.